४०२० मोठा की १००? मुलांसाठी लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा



आज निबंध आणि पत्रलेखन बाजूला ठेवून लॅपटॉपच्या प्रोसेसरबद्दल लिहितेय. मी मराठीची शिक्षिका, कॉम्प्युटरची नाही. पण गेल्या वर्षी माझ्याच एका वाक्यामुळे एका घरातले पैसे चुकीच्या जागी गेले, म्हणून हा लेख.

जूनमधल्या पालकसभेनंतर कात्रपमधल्याच एका विद्यार्थिनीची आई थांबली. वडील एमआयडीसीत कामाला, मुलगी नववीत. "बाई, भिशी लागलीय. पोरीला लॅपटॉप घेऊ म्हणते. कुठला घेऊ?" मी घाईत होते. म्हटलं, "साधा कुठलाही घ्या, शाळेच्या कामाला चालतो."

दुकानात त्यांच्यासमोर दोन लॅपटॉप आले. एकात सेलेरॉन एन४०२०, दुसऱ्यात इंटेल एन१००. फरक दोन-तीन हजारांचा. दुकानदार म्हणाला, "ताई, हा चार हजार वीस आहे, तो नुसता शंभर." कुणालाही पटेल असंच गणित. त्यांनी ४०२० घेतला. दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅपटॉप पिशवीत घालून त्या शाळेत आल्या. ऑनलाइन तासाला मीट चालू असताना शेजारी वर्डची फाइल उघडली की सगळं अडकायचं.

आकडा मोठा, पण चिप जुनी

गणितात ४०२० हा १०० पेक्षा मोठा. प्रोसेसरच्या नावात तसं नसतं. तो आकडा म्हणजे मॉडेलचा क्रमांक, गुण नव्हेत. एन४०२० आला २०१९ च्या अखेरीस, एन१०० आला २०२३ च्या सुरुवातीला. मधल्या काळात इंटेलनं लॅपटॉपच्या नव्या स्वस्त चिपवरून 'सेलेरॉन' हे नावच काढून टाकलं. त्यामुळे एन१०० वर फक्त 'इंटेल प्रोसेसर' लिहिलेलं असतं, आणि ओळखीचं नाव नाही म्हणून लोक बिचकतात.

फरक स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. प्रोसेसरमधला कोअर म्हणजे शेगडीचा बर्नर. ४०२० ही दोन बर्नरची शेगडी, एन१०० चार बर्नरची. ४०२० चा वेग जास्तीत जास्त २.८ गिगाहर्ट्झ, एन१०० चा ३.४. शिवाय नव्या चिपचा एकेक बर्नरसुद्धा तेवढ्याच वेळात जास्त काम उरकतो. आणि गंमत म्हणजे दोन्ही चिपचं ठरवलेलं वॅटेज सारखंच, ६ वॅट. म्हणजे 'जास्त ताकदवान, मग वीज खाणार' ही भीती इथे नको. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हे महत्त्वाचं.

व्हिडिओचंही तसंच. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ आता एव्ही१ नावाच्या नव्या पद्धतीनंही साठवलेले असतात. ते उलगडायची सोय एन१०० च्या चिपमध्येच आहे. ४०२० मध्ये ती नाही. तसा व्हिडिओ समोर आला की त्या दोन बर्नरनाच राबावं लागतं.

पण नुसती शेगडी बघू नका

रॅम म्हणजे ओटा, स्टोरेज म्हणजे कपाट. चार बर्नरची शेगडी आणली, पण ओटा हातभर असेल तर बाई काय रांधणार? ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज असलेला एन१०० दिसला, तर तोही मी घेऊ देणार नाही. विंडोज ११ ची किमान अट हीच आहे, ४ जीबी आणि ६४ जीबी. किमान म्हणजे पस्तीस मार्क. पास होतो, पण पुढे? थोड्याच दिवसांत अपडेटला जागा उरत नाही.

त्या माउलीच्या लॅपटॉपचं नेमकं हेच झालं होतं. रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, वाढवायची सोय नाही. नको ते प्रोग्रॅम मी काढून टाकले. ब्राउझरमध्ये एका वेळी दोनच टॅब ठेवायला सांगितले. आता ती पोर तास मोबाइलवर बघते आणि टायपिंग लॅपटॉपवर करते. चाललंय, पण भिशीचे पैसे यासाठी नव्हते.

खरं तर ४०२० टाकाऊ नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, किंमत खरंच कमी असेल, आणि काम टायपिंग, बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, शाळेची माहिती भरणं एवढंच असेल, तर तो नेटानं काम करतो. प्रश्न आहे तो दोन-तीन हजारांच्या फरकासाठी तीन वर्षांनी जुनी चिप घेण्याचा.

कोणी म्हणेल, "गरिबाला काहीच नसण्यापेक्षा हे बरं." हे वाक्य मला आता पटत नाही. पैसेवाल्याचा लॅपटॉप चुकला तर तो पुढच्या वर्षी बदलतो. ज्याच्या घरी सहा-सात वर्षांतून एकदाच अशी वस्तू येते, त्याला चूक जास्त महाग पडते. म्हणून त्याला सल्ला देताना जास्त विचार करायला हवा, आणि नेमकं तिथंच आपण "कुठलाही घ्या" म्हणून मोकळे होतो.

दुकानात विचारायचे चार प्रश्न

१. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक काय? नुसतं 'इंटेलचा आहे' हे उत्तर नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडून स्वतः बघा.
२. रॅम किती? ८ जीबी असावी. नसेल तर नंतर वाढवता येते का?
३. स्टोरेज एसएसडी आहे की ईएमएमसी? एसएसडी, २५६ जीबी असेल तर उत्तम.
४. जुना लॅपटॉप घेत असाल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. 'आय५ आहे' म्हणून भुलू नका. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा बघा.

यंदा पालकसभेत हे चार प्रश्न मी फळ्यावर लिहिणार आहे, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकणार आहे. शिक्षक मित्रांनो, तुम्हीही टाका. पालक आपल्याला विचारतात ते आपण तज्ज्ञ आहोत म्हणून नाही, आपल्यावर विश्वास आहे म्हणून. उत्तर माहीत नसेल तर "उद्या विचारून सांगते" म्हणायला काय हरकत आहे? मी त्या दिवशी एवढं म्हटलं असतं, तरी पुरलं असतं.