ग्रामपंचायतीचं कार्ड हिरवं, पण पाण्यातल्या नायट्रेटचं काय?

पाणी उकळलं की शुद्ध झालं, असं आपण धरून चालतो. जंतूंपुरतं ते खरं आहे. नायट्रेटचं मात्र उलटं होतं. उकळताना वाफ उडून जाते, नायट्रेट भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल पावडरनं ते जात नाही, कॅन्डलच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. रंग नाही, वास नाही, कळणार कसं?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेले देशातले १५ जिल्हे दिलेत. त्यातले ७ महाराष्ट्राचे. वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आपला यवतमाळ. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. राज्यातले ३५ टक्क्यांहून जास्त नमुने त्याच्या वर निघाले.

सगळ्यात धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी.

हे येतं कुठून? बरंचसं आपल्याच शेतातून. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना, बाकी खतं महाग, मग हात युरियावरच सैल सुटतो. मी कपाशीवालाच आहे, भाव मलाही कळतात. पीक घ्यायचं तेवढं घेतं, उरलेलं पावसासोबत खाली मुरतं. त्यात विहिरीजवळचा उकिरडा, गोठा, संडासाचा शोषखड्डा यांची भर. त्यामुळं एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारूनही चालणार नाही.

मग ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड कसं मिळतं? ते कार्ड विहिरीभोवतीची स्वच्छता, पाइपची गळती, टीसीएलचा वापर बघून देतात. नायट्रेट त्यात मोजतच नाहीत. त्यासाठी रासायनिक तपासणी वेगळी, ती वर्षातून एकदा व्हायला पाहिजे. शिवाय जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे, आणि त्यात नायट्रेटही तपासता येतं. ते किट वापरात आहे की कपाटात, हे ग्रामसभेत विचारा. रिपोर्टचा कागद मागा, नुसतं 'पाणी चांगलं आहे' ऐकून उठू नका. आकडा ४५ च्या वर असेल तर ते पाणी धुण्याभांड्याला ठेवा आणि पिण्यासाठी दुसरा स्रोत नाहीतर आरओ मागा. गावात आरओ आधीच असेल तर त्याचं मेंब्रेन शेवटचं कधी बदललं, हेही तिथंच विचारून घ्या.