मुळेच्या या काठाला २०, त्या काठाला ३०!

उजनीचं पाणी पिणाऱ्या बंधू-भगिनींनो,

उजनी यंदाही हिरवी झाली. कशामुळे, ते सांगायला पत्रक कशाला हवं? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आपल्या धरणात येतं. भिगवणच्या मच्छीमारापासून सोलापुरात चार-चार दिवस नळाची वाट बघणाऱ्या माउलीपर्यंत हे सगळ्यांना पाठ आहे. आज आमचं भांडण एकाच वाक्याशी आहे: ‘पाणी मानकात आहे.’

तक्रार घेऊन कुठंही जा, हे उत्तर तयार. जणू ब्रह्मवाक्य! तर हे मानक आलं कुठून, ते बघू.

पाण्यातली घाण कुजताना प्राणवायू खाते. लिटरमागे किती मिलिग्रॅम खाईल, त्या मापाला बीओडी म्हणतात. नोव्हेंबर २०१५ च्या सरकारी मसुद्यात शुद्धीकरण केंद्रांसाठी ही मर्यादा १० होती. एकूण नायट्रोजनलाही १० ची वेसण होती. १३ ऑक्टोबर २०१७ ला अंतिम अधिसूचना निघाली. महानगरांना २०, बाकीच्यांना ३०. नायट्रोजन गायब! पोरं नापास होतात म्हणून पास होण्याचे गुणच उतरवले, आणि वर पेढे वाटले.

त्यातही गंमत अशी, की महानगरांच्या यादीत पुणे आहे, पिंपरी-चिंचवड नाही. औंधच्या पुलावर उभं राहून बघा. एका काठाला २०, दुसऱ्या काठाला ३०, मध्ये तीच मुळा. आमच्या हंड्यात दोन्ही काठ एकत्रच येतात.

हिशेब साधा आहे. रोज १० कोटी लिटर पाणी ३० च्या मर्यादेत सोडलं, तर नदीवर ३ टन प्राणवायूचा बोजा पडतो. मर्यादा १० असती तर १ टन. वरचे २ टन रोज, अगदी कायदेशीर.

आणि नायट्रोजन? शेतकऱ्याला हे शिकवायला नको. युरिया टाकला की रान हिरवंगार होतं. शहरं नायट्रोजन-फॉस्फरसचं खत आपल्या धरणात टाकतात. पीक येतं शेवाळाचं आणि जलपर्णीचं. पेरणी फुकट, काढणीला मात्र निविदा!

आता नेहमीची तुणतुणी.

‘नदीत मिसळून पातळ होतं.’ कशात मिसळून? खडकवासला धरणाचं पाणी पुणे शहराला आणि कालव्याला जातं. उन्हाळ्यात पुण्याखाली नदीत वाहतं ते बहुतेक वापरलेलंच पाणी. इकडे उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळाच्या पाण्यावर गेलेलं. सांडपाण्यात सांडपाणी मिसळून पातळ करण्याची ही विद्या आम्हालाही शिकवा.

‘खर्च परवडत नाही.’ खर्च वाचलेला नाही, तो आमच्या दारात आणून ठेवलाय. जारचं पाणी, घरोघरचं फिल्टर, दवाखाना. शहराची बचत ती आमची उधारी.

‘लोकच निर्माल्य टाकतात.’ टाकू नये, कबूल. पण कोट्यवधी लिटर मैल्याचा जाब विचारला की झेंडूची फुलं पुढे करणाऱ्याला काय म्हणावं?

‘आधी सगळं पाणी केंद्रात येऊ द्या, मग मानकाचं बघू.’ यात मात्र तथ्य आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या शहरांत रोज सुमारे ९११ कोटी लिटर सांडपाणी तयार होत होतं; प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ४२४ कोटी लिटरवर. पण याचा अर्थ काय? ‘मानकात आहे’ हा दाखला केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचा. निम्म्याहून अधिक पाण्याने केंद्राचं तोंडही पाहिलेलं नाही. वर्गात न आलेली पोरं वगळून निकाल लावला, तर तो चांगला लागणारच!

३० एप्रिल २०१९ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुन्हा १० ची मर्यादा, नायट्रोजनसकट, विनाविलंब लागू करायला सांगितलं. म्हणून यापुढे कुणी ‘मानकात आहे’ म्हणालं, की आवाज न चढवता तीन प्रश्न विचारा:

१. कुठल्या मानकात? १०, २० की ३०?
२. नायट्रोजन आणि फॉस्फरस मोजलं का?
३. केंद्रात न शिरता थेट नदीत गेलेलं पाणी कुठल्या कागदावर आहे?

उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तर आपल्याला पाठ आहे.

— उजनीकाठचे पाणी पिणारे

(वाचून झाल्यावर पुढच्या घरी द्या.)