खंडाचे गाणे, घरचे गाणे

दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली, की घरातले कोणीतरी म्हणतेच, "या कॅसेटी आता कशाला? सगळी गाणी मोबाइलवर मिळतात की!" टाकण्याआधी जरा थांबा.

मोबाइलवरचे गाणे म्हणजे खंडाने केलेली जमीन. खंड भरता तोवर पीक तुमचे. उतरवून घेतलेली गाणीही त्या ॲपच्या कुलुपातच असतात. स्पॉटिफायवर पैसे भरून उतरवलेल्या गाण्यांसाठीसुद्धा 30 दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडावे लागते. आणि मालकानेच कारभार गुंडाळला तर? गूगल प्ले म्युझिक 2020 साली बंद झाले. 'रेसो'ने 2024 च्या जानेवारीत भारतातला गाशा गुंडाळला.

म्हणून मोबाइल वाईट असे नव्हे. पूर्वी एका कॅसेटसाठी तालुक्याला जावे लागे. आज पाणी धरता धरता भीमसेन जोशींचा अभंग ऐकता येतो. बाजारात निघालेले गाणे बहुधा पुन्हा मिळेलही.

पण आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची काकड आरती घरच्या टेपवर भरलेली असेल, तर ती कोणत्याच ॲपवर मिळणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज जगाला ऐकता येतात. तुमच्या आजीची ओवी मात्र तुमच्या पेटीतच आहे.

तेव्हा घरी भरलेल्या कॅसेटी आधी वेगळ्या काढा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणकाराला दाखवा. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. ओल आणि लोहचुंबक यांपासून त्या दूर ठेवा. स्पीकरमध्येही लोहचुंबक असतो. मग टेपपासून संगणकाला वायर जोडून आवाज उतरवून घ्या. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, घाई चालत नाही. कोणाचा आवाज, कोणते साल, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. एक प्रत घरी, दुसरी लेकीच्या सासरी असू द्या. मूळ कॅसेटही टाकू नका.

खंडाने जमीन खुशाल करावी. पण त्या भरवशावर घरचा तुकडा कोणी विकतो का?