नाव मागे ठेवून निघालेली गायिका



दर खेपेला या जागी मी बियाणे, खते, कीड आणि औषधे यांविषयी लिहितो. आजचा विषय गाण्याचा आहे आणि तोही परदेशातल्या गाण्याचा. पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय आपल्या ओसरीपर्यंत कसा येतो ते ध्यानात येईल.

मागल्या महिन्यात एका गावी महिला बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. गटाचा काळा मसाला पंचक्रोशीत नावाजलेला आहे. बैठक आटोपून निघालो, तेव्हा गटातली एक बाई गाडीपाशी आली. पदर सावरीत म्हणाली, "साहेब, मसाला भाजायचा माझ्या हाताने आणि नाव व्हायचे सगळ्यांचे. आता गटातून निघून स्वतःचा मसाला काढावा म्हणते. निघू का?" मी म्हटले, "ताई, थोडे थांबा. असल्या गोष्टीला घाईने हो म्हणू नये आणि घाईने नाहीही म्हणू नये. विचार करून कळवतो."

घरी आलो तो धाकटी लेक जुनी इंग्रजी गाणी ऐकत बसली होती. तीन मुली गात होत्या. एक पुढे, दोघी मागे. मी सहज विचारले, "या मागच्या दोघी कोण?" तिने त्यांतल्या एकीची गोष्ट सांगितली. मग मीही जमेल तेवढे वाचून काढले. त्या ताईला द्यायचे उत्तर मला त्या गोष्टीत सापडले.

त्या मुलीचे नाव फ्लॉरेन्स बॅलार्ड. जन्म ३० जून १९४३ चा, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातला. हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाच्या शेतांवर राबणारी हजारो काळी कुटुंबे त्या काळात पोटासाठी उत्तरेच्या शहरांत आली. तिचे आईबापही दक्षिणेतूनच आलेले. तेरा भावंडांत ही आठवी. बाप गिटार वाजवी आणि लेकीला गाणी शिकवी. पुढे हे कुटुंब ब्रूस्टर नावाच्या सरकारी वसाहतीत राहू लागले. मेरी विल्सन आणि डायना रॉस याही त्याच वसाहतीतल्या. १९५९ साली या मुलींचा चौघींचा ताफा जमला. चौथी पुढे बदलली, मग तीही गेली आणि तिघी उरल्या.

त्याच साली, त्याच शहरात बेरी गॉर्डी नावाच्या तरुणाने ध्वनिमुद्रिका काढण्याचा धंदा सुरू केला. त्याच्या घरच्या मंडळींनी आपसांत पैसे टाकून एक फंड चालवला होता. अगदी आपल्या भिशीसारखा. त्या फंडातून त्याने ८०० डॉलर कर्ज घेतले. पुढे जगभर गाजलेली मोटाऊन कंपनी या ८०० डॉलरांवर उभी राहिली. आपले बचत गट लहान आहेत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मुली त्याच्याकडे गेल्या, तेव्हा त्याने सांगितले, "आधी शाळा पुरी करा." तरी त्या त्याच्या दाराशी जातच राहिल्या. जानेवारी १९६१ मध्ये करार झाला. कंपनीला ताफ्यासाठी नवे नाव हवे होते. पुढे आलेल्या यादीतून फ्लॉरेन्सने एक निवडले, 'सुप्रीम्स', म्हणजे सर्वश्रेष्ठ. बाकीच्यांना ते फारसे रुचले नाही, पण तेच ठरले. नाव फ्लॉरेन्सने निवडले ही गोष्ट मनात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पहिली तीन वर्षे पदरी काही पडले नाही. तबकड्या निघत आणि पडून राहत. १९६४ साली मात्र पाऊस बरसावा तसे झाले. त्या साली आणि पुढच्या साली मिळून त्यांची लागोपाठ पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. १९६७ पर्यंत अशी दहा गाणी झाली. काळ्या लोकांना पुष्कळ ठिकाणी हॉटेलात बसू देत नव्हते असा तो काळ. त्या काळात या तीन काळ्या मुली देशातल्या घराघरांत, गोऱ्यांच्याही, दूरदर्शनवर दिसू लागल्या.

पण पुढे कोणी गावे, हे कंपनीने ठरवले होते. डायनाचा आवाज बारीक आणि गोड, रेडिओवर पटकन ओळखू येणारा. फ्लॉरेन्सचा आवाज भरदार, देवळात घुमावा तसा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिला मायक्रोफोनपासून दूर उभे करीत, असे सांगतात. सुरुवातीच्या काळात ती पुढे गायली होती. नंतर तिच्या वाट्याला मागची साथ आली. १९६७ साली ताफ्याचे नावही बदलले. 'डायना रॉस आणि सुप्रीम्स' असे झाले. ज्या नावाची निवड हिने केली, त्याच्या डोक्यावर दुसरीचे नाव बसले.

इथे एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. दोष सगळा एका बाजूचा नव्हता. फ्लॉरेन्स दारू पिऊ लागली होती. कार्यक्रम चुकू लागले होते. कंपनीला ताफा चालवायचा होता. पण तिच्या मनात एक जुनी जखमही होती. १९६० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिच्यावर एका ओळखीच्या तरुणाने सुरीच्या धाकाने अत्याचार केला होता. मेरीने पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहिले. त्या वेळी अशा मुलीने कोणाशी बोलावे, कोणी तिला आधार द्यावा, अशी सोय नव्हती. लोकांना तिची दारू दिसली. तिच्या आतले दुखणे कोणी विचारले नाही. आपल्याकडेही अशी घरे आहेत, म्हणून हे लिहिले.

१९६७ च्या उन्हाळ्यात लास व्हेगास शहरातल्या एका मुक्कामात तिला ताफ्यातून काढले. तिच्या जागी सिंडी बर्डसाँग ही गायिका उभी राहिली. लोकांपुढे कार्यक्रम चालूच राहिला.

आता फ्लॉरेन्सला एकटीने गायचे होते. वय चोवीस. आवाज शाबूत. देशभर लोकांनी पाहिलेला चेहरा. फेब्रुवारी १९६८ मध्ये मोटाऊनशी तिचा हिशेब मिटला. तिला १ लाख ३९ हजार ८०४ डॉलर आणि वर काही सेंट एवढी रक्कम मिळाली. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण त्या कागदात एक अट होती. यापुढे आपल्या जाहिरातीत ती सुप्रीम्समध्ये होती, असे म्हणायचे नाही.

शेतकऱ्याला हे कसे समजावून सांगू? समजा, एखाद्या घरच्या हापूस आंब्याला बाजारात मान आहे. त्या घरातला एक भाऊ वेगळा झाला. त्याला रोख पैसे दिले आणि सांगितले, "आंबा कुठलाही विक, पण आपल्या बागेचे नाव पेटीवर घालायचे नाही." आंबा तोच, हात तेच. पण गिऱ्हाईक पेटी उघडण्याआधी नाव वाचते.

फ्लॉरेन्सचे असेच झाले. मार्च १९६८ मध्ये एबीसी या दुसऱ्या कंपनीने तिच्याशी करार केला. त्या साली तिच्या दोन तबकड्या निघाल्या. दोन्ही चालल्या नाहीत. तबकडीवर 'फ्लॉरेन्स बॅलार्ड' एवढेच नाव. ऐकणाऱ्याने नुसत्या नावावरून ओळखायचे की ही त्या तिघींतली. पुष्कळांना तिघींचा चेहरा ठाऊक होता, पण मागे उभ्या असलेल्या मुलीचे पूर्ण नाव ठाऊक नव्हते. लांबट तबकडीसाठी तिने गाणी गायली, पण कंपनीने ती तबकडी काढलीच नाही. ती गाणी बाहेर आली तिच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी.

दरम्यान तिचे लग्न झाले होते. नवराच तिचे कामकाज पाहू लागला. ऑक्टोबर १९६८ मध्ये तिला जुळ्या मुली झाल्या. जानेवारी १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या शपथविधीनिमित्तच्या एका समारंभात ती गायली. त्यानंतर मात्र बोलावणी आटत गेली. हाती आलेले पैसेही राहिले नाहीत. आपल्याच वकिलाने ते बुडवले, अशी तिची तक्रार होती. १९७१ साली तिने मोटाऊनवर ८७ लाख डॉलरांचा दावा लावला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. घरावर जप्ती आली. तीन लेकी पदरात घेऊन ती सरकारी मदतीवर दिवस काढू लागली. १९७५ साली वर्तमानपत्रांत ही बातमी आली, तेव्हा लोक हळहळले.

त्याच साली थोडे आभाळ उघडले. एका जुन्या वादाचे काही पैसे मिळाले, त्यातून तिने घर घेतले. जून १९७५ मध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड सभागृहात एका मदतीच्या कार्यक्रमात ती पुन्हा गायली. लोकांनी तिला उचलून धरले. पुन्हा उभे राहायची तिची तयारी होती. पण २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती गेली. वय अवघे बत्तीस. कंपनीशी हिशेब मिटवल्याला त्याच दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती.

आता दुसऱ्या मुलीचे पाहा. डायना रॉस हीसुद्धा ताफ्यातून निघाली. १४ जानेवारी १९७० रोजी, त्याच लास व्हेगासमध्ये, तिचा निरोपाचा जाहीर कार्यक्रम झाला. जागी येणारी नवी गायिका त्याच मंचावर लोकांना दाखवली. कंपनी तिच्या पाठीशी, तिचे नाव अगोदरच अडीच वर्षे पाटीवर. त्याच साली तिचे एकटीचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. गुण दोघींतही होता. एक निघाली ती बैलजोडी, बियाणे आणि विहिरीचे पाणी घेऊन. दुसरीला नुसते रान मिळाले आणि बांधावरचे नाव पुसून मिळाले.

तिसरी, मेरी विल्सन, ताफ्यात सर्वांत जास्त काळ टिकली. नावाची किंमत तिने जवळून पाहिली होती. म्हणून उतारवयात तिने एका कायद्यासाठी खटपट केली. जुन्या ताफ्याशी संबंध नसलेल्यांनी त्याचे नाव लावून लोकांना फसवू नये, असा तो कायदा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी तो केला. मेरी २०२१ साली वारली. १९८८ साली सुप्रीम्सचा मोठा सन्मान झाला तेव्हा तिघींचीही नावे वाचली गेली. फ्लॉरेन्सला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

तर त्या मसाल्यावाल्या ताईला मी काय कळवले ते सांगतो. निघू नका असे मी म्हटले नाही. ज्याच्या हाताला गुण आहे त्याने जन्मभर मागेच उभे राहावे, हे मला पटत नाही. पण निघण्यापूर्वी चार गोष्टी करा, असे लिहिले.

पहिली, गटाचे नियम आणि ठरावाची वही वाचा. आपला वाटा किती, तो कधी आणि कसा मिळणार, हे लेखी घ्या. दुसरी, पुडीवरचे नाव कोणाचे आहे ते पाहा. ते गटाचे असेल तर निघाल्यावर ते वापरता येणार नाही. "पूर्वी अमुक गटात होते" एवढे तरी म्हणता यावे, हे निघतानाच गोडीने बोलून कागदावर आणा. तिसरी, खाण्याचे पदार्थ विकण्याची नोंदणी गटाच्या नावावर असते. तुम्हाला स्वतःची करावी लागेल. ती हातात आल्याशिवाय पहिली पुडी विकू नका. चौथी, गटात असतानाच लोकांना तुमचे नाव कळू द्या. प्रदर्शनात मागे चुलीपाशी बसू नका, पुढे येऊन गिऱ्हाइकाशी बोला. मागच्या मुलीचे नाव लोकांना ठाऊक नसते.

आणखी एक ओळ मी शेवटी घातली. सहीपूर्वी कागद घरी आणा आणि दोन जाणत्यांकडून वाचून घ्या. त्यांतला एक तरी असा असावा की ज्याला त्या व्यवहारातून दमडीही मिळणार नाही.

गटातल्या बाकीच्या भगिनींनाही सांगणे आहे. जिच्या हाताला चव आहे, तिचे नाव सभेत घ्या, हिशेबात धरा. पुष्कळ माणसे पैशासाठी वेगळी होत नाहीत. आपल्याला कोणी मोजत नाही, म्हणून होतात.

ताईचे उत्तर परवा आले. तिने वही मागवून घेतली आहे आणि वाचायला लेकाला बसवले आहे. निघायचे की राहायचे, ते अजून ठरलेले नाही. पण पुढल्या बैठकीत ती चुलीपाशी बसणार नाही, असे लिहिले आहे. सध्या एवढे पुरे.

पुढल्या खेपेला हरभऱ्यावरच्या घाटे अळीविषयी लिहीन.