जुन्या ट्रॅक्टरची ठिणगी

आपल्या शिवारातील ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. दाबाने तापलेल्या हवेतच त्याचे इंधन पेट घेते. त्यामुळे त्यास ठिणगी लागत नाही आणि इग्निशन कॉइलही लागत नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. अमेरिकेत 1947 ते 1952 या काळात तयार झालेला फोर्ड 8 एन हा त्यांतील प्रसिद्ध नमुना. असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथे बाहेर पडले, आणि वाडवडिलांचे हे यंत्र निगुतीने चालते ठेवणारी कुटुंबे तेथे आजही आहेत.

त्याची कॉइल निवडताना आधी रूप पाहावे लागते. आरंभीच्या यंत्रांत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढील बाजूस असून त्यावर चौकोनी कॉइल बसते. 1950 साली डिस्ट्रिब्युटर कडेला आला आणि कॉइल गोल झाली. परंतु केवळ रूपावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली. दोन गोल कॉइली जुळ्या भावंडांसारख्या दिसल्या, तरी आतील तारेचा रोध भिन्न असू शकतो.

हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यास जमेल असा आहे. व्होल्टला ओहमने भागले की अँपियर मिळतात. ट्रॅक्टर मूळचा 6 व्होल्टचा. कॉइल दीड ओहमची असेल, तर प्रवाह 4 अँपियर. पुढे मालकाने 12 व्होल्टची बॅटरी बसविली आणि कॉइल तीच ठेवली, की प्रवाह 8 अँपियर होतो. उष्णता मात्र दुप्पट नव्हे, चौपट वाढते. पॉइंट जळतात, कॉइल तापते आणि ऐन पेरणीत यंत्र अर्ध्या वावरात उभे राहते.

यावर उपाय दोन. एक तर 3 ओहमची कॉइल घ्यावी, किंवा जुन्या कॉइलीच्या वाटेत दीड ओहमचा रोधक जोडावा. दोन्ही एकदम केल्यास प्रवाह पावणेतीन अँपियरच्या आत येऊन ठिणगी दुबळी पडते. चौकोनी कॉइलीच्या ट्रॅक्टरात मूळचा एक रोधक असतोच. बॅटरी बदलली म्हणून तो काढू नये.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या अंगणात जुनी पेट्रोल जीप असल्यास तिलाही हाच नियम लागू पडतो. दुकानात जाण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्ट लिहून न्यावेत, आणि पैसे मोजण्यापूर्वी कॉइलीच्या दोन बारीक टोकांना मीटर लावून ओहम मोजावेत. नवी कॉइल जळण्याच्या खर्चापुढे या दोन मिनिटांचे मोल ते काय!