शेल्टर : खेळ चांगला, पण माणूस कुठे गेला?

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला मावशीकडे दादाच्या संगणकावर मी 'शेल्टर' हा खेळ खेळलो. स्वीडनच्या 'माइट अँड डिलाइट' कंपनीने तो २०१३ साली काढला. बॅजर नावाचा एक प्राणी बिळात राहतो. खेळात आपण त्याची मादी असतो आणि मागून पाच पिल्ले चालतात. कंद उपटायचे, बेडूक धरायचे आणि पिल्लांना चारायचे. उपाशी पिल्लाचा रंग फिका पडत जातो. हे मला फार आवडले. बंदूक नाही, धडाडधूम नाही, फक्त सगळ्यांना पुरले का, ही आईची काळजी! एक पिल्लू नेहमी मागे राहायचे. त्याला द्यायला जावे, तर दुसरेच मधात घुसून गट्ट करायचे. शेवटी वरून गरुड आला आणि तेच उचलून नेले. त्या रात्री मला जेवण गेले नाही. दादा हसला, हसू द्या.

दोष असा की त्या जंगलात माणूसच नाही. अंधार, नदी, वणवा, गरुड एवढेच शत्रू. आपल्या नागझिऱ्याचा 'जय' वाघ २०१३ मध्येच उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात चालत गेला. वाटेत गावे, शेते, सडका लागल्याच असतील ना! गळ्यात रेडिओ कॉलर असूनही २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तो झालाच. आपल्या चिखल्यातही जंगलाला लागून मँगनीजची खाण आहे, ट्रक चालतात. खेळात एक तरी सडक टाकायची होती. पाच पिल्ले घेऊन आई ती कशी ओलांडते, ते मला पाहायचे होते.