बिऱ्हाडाची तटबंदी

मराठी माणसापाशी अंदमानसाठी दोनच शब्द आहेत. एक काळे पाणी आणि दुसरा स्वर्ग. पहिला सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'ने आपल्या मनावर कोरला, दुसरा सहल-कंपन्यांच्या जाहिरातींनी. सकाळी सेल्युलर जेलच्या कोठडीपुढे हात जोडावेत, दुपारी स्वराजद्वीपच्या (पूर्वीच्या हॅवलॉकच्या) किनाऱ्यावर छायाचित्रे काढावीत आणि सहाव्या दिवशी परतावे, एवढ्यात आपला या बेटांशी असलेला व्यवहार संपतो. त्याच धक्क्यावर दुसरेही कुणी उतरत असते. पांढऱ्या रंगाने नाव आणि हुद्दा लिहिलेल्या काळ्या लोखंडी ट्रंका, शाळा सोडल्याचे दोन दाखले, लोणच्याची बरणी आणि दोन मुले घेऊन एक बाई उतरते. तिच्या नवऱ्याची बदली झालेली असते. तिच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. असलाच तर तो 'त्याग' हा आहे, आणि या लेखातले भांडण त्याच शब्दाशी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या बेटांवर राज्यसंस्थेने कुटुंब ही वस्तू नेहमीच तटबंदीसारखी वापरली आहे. भूमी आपली आहे हे सिद्ध करायला नुसता पहारेकरी पुरत नाही. चूल पेटावी लागते, दोरीवर कपडे वाळत पडावे लागतात, शाळेची घंटा वाजावी लागते. हे काम बिऱ्हाडे करतात. मात्र त्या कामाचा उल्लेख कोणत्याही आदेशात नसतो, आणि पुढे त्याची किंमत मोजायची वेळ आली की समाज 'त्याग' असे म्हणून हिशेबाची वही मिटतो.

याची सुरुवात स्वातंत्र्यानंतर झालेली नाही. १८५८ मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला बंद्यांची वसाहत वसवली, आणि केवळ बेड्यांवर वसाहत उभी राहत नाही हे त्यांना लवकरच कळले. मग काही वर्षे शिक्षा भोगलेल्या बंद्याला तिकीट मिळू लागले. त्याला जमीन कसता येई, लग्न करता येई, मुलुखातून कुटुंबही आणवता येई. यात दयाबुद्धी किती होती हे इतिहासकारांनी ठरवावे, पण हिशेब मात्र पक्का होता. एकटा माणूस पळतो, पोराबाळांचा माणूस राहतो. स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९४९पासून याच बेटांवर जमिनी दिल्या गेल्या. त्यांची निकड खरी होती, आणि बेटांवर आपली वस्ती असावी ही राज्यसंस्थेची गरजही तितकीच खरी होती. या दोन गरजांची गाठ घातली गेली.

मग आला ग्रेट निकोबार. भारताचे हे दक्षिण टोक पोर्ट ब्लेअरहून समुद्रमार्गे पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे; तिथून सुमात्रा त्याहून पुष्कळ जवळ. १९६९पासून पुढे सुमारे दशकभर सरकारने इथे ३३० माजी सैनिकांची कुटुंबे नेऊन वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र अशा अनेक राज्यांतून ती आली होती, आणि त्यांत महाराष्ट्रातलीही होती. आग्नेय किनाऱ्यावर कॅम्पबेल बे, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावे उभी राहिली. कुटुंबामागे सुमारे ११ एकर जमीन. जमीन म्हणजे काय, तर घनदाट सदाहरित जंगल, जे आधी तोडायचे होते. शासकीय भाषेत ही पुनर्वसन योजना होती. मला तिच्यातली एकच गोष्ट विशेष वाटते. यातले पुरुष निवृत्त झालेले होते. गणवेशाची सेवा संपली होती, आणि बिऱ्हाडाची सेवा इथून सुरू होत होती. पहारा द्यायचा तो आता बायकोने, मुलांनी, सुपारीच्या आणि नारळाच्या झाडांनी.

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती जमीन रिकामी नव्हती. जंगलात शोंपेन होते, किनाऱ्यावर निकोबारी होते. सैनिकांची कुटुंबे ही त्यांच्या दृष्टीने परक्यांची घुसखोरीच. मग अशा कुटुंबांचे दुःख कशासाठी गायचे? माझे उत्तर असे की, ही दोन्ही सत्ये एकाच वेळी खरी आहेत. तटबंदीची भिंत दुसऱ्याच्या अंगणात बांधली गेली, हे खरे. आणि त्या भिंतीच्या दगडांना कुणी विचारले नव्हते, हेही खरे. वसाहतकाराला आदिवासीचे देणे आहेच. पण त्याला तिथे नेऊन बसवणाऱ्याचे त्याच्याशी असलेले देणे त्यामुळे फिटत नाही.

आता सेवेत असलेल्यांकडे येऊ. २६ डिसेंबर २००४. रविवारची सकाळ होती. साडेसहाच्या सुमारास धरणीकंप झाला आणि त्यानंतर थोड्याच वेळात समुद्र आत आला. कार निकोबार हे सपाट, प्रवाळाचे बेट. तिथल्या हवाई दलाच्या तळावरची राहती घरे किनाऱ्यालगत होती. हवाई दलाचे जवान, अधिकारी आणि त्यांच्या घरातली माणसे मिळून शंभराहून अधिक जीव त्या सकाळी गेले. (निकोबारी समाजाची हानी याहून कितीतरी पटींनी मोठी होती, तिच्याशी तुलना करण्याचा इथे हेतू नाही.) हिंदी महासागरात त्या दिवशी त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच नव्हती. आपल्याकडे हैदराबादचे केंद्र उभे राहिले ते २००७ मध्ये. तेव्हा त्या सकाळचा दोष कुणा एका अधिकाऱ्याच्या माथी मारणे उथळपणाचे ठरेल.

प्रश्न निराळा आहे. त्या शंभराहून अधिकांमध्ये ज्या बायका आणि मुले होती, त्यांचा मृत्यू कोणत्या खात्यात जमा झाला? आपली भाषाच पाहा. सैनिक मेला तर तो हुतात्मा. त्याची पत्नी वीरपत्नी, आई वीरमाता. सव्वीस जानेवारीला गावात व्यासपीठावर बोलावून साडीचोळी आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार होतो. हे सगळे शब्द पुरुषाच्या मरणापासून सुरू होतात. पण बदलीच्या गावी, सरकारने दिलेल्या घरात, रविवारी सकाळी जी बाई स्वतःच मेली तिला काय म्हणायचे? ती कुणाची पत्नी म्हणून वीर? जिवंत राहिलेल्या नवऱ्याला कोणता शब्द आहे? कोशात शोधा, सापडणार नाही. ज्या मराठी मुलुखात साताऱ्याजवळच्या एका अख्ख्या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतात, तिथल्या भाषेची ही गत आहे. शब्द नसणे हा योगायोग नव्हे. जे काम कधी नोंदवलेच नाही, ते करताना आलेल्या मरणाला नाव कुठून मिळणार?

यावर नेहमीची उत्तरे ठाऊक आहेत. पहिले, कुटुंब स्वखुशीने जाते, कुणी सक्ती केलेली नसते. ही स्वखुशी जरा जवळून पाहू. बदलीच्या हुकमावर एकच नाव असते. घरी दोन वाटा उरतात. एक, दोन-तीन वर्षे वेगळे राहायचे. दुसरी, सगळे गुंडाळून निघायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला पोर्ट ब्लेअरला बदली मागता येत नाही. तिने बिनपगारी रजा घ्यावी, नाहीतर राजीनामा द्यावा. मुलांची शाळा बदलते, माध्यम बदलते, मित्र जातात. सासूसासऱ्यांपैकी कुणी आजारी पडले तर विमानाच्या तिकिटाची जुळवाजुळव करेपर्यंत निरोप येऊन ठेपतो, आणि धाकट्या बेटांवरून तर आधी जहाज मिळावे लागते, तेही समुद्राने परवानगी दिली तर. समुद्राखालची दूरसंचार-वाहिनी या बेटांपर्यंत पोचली २०२० मध्ये. त्याआधी घरच्यांचा आवाज ऐकणे हाही उपग्रहाच्या कृपेचा भाग होता. दोन गैरसोयींमधून एक उचलण्याला स्वखुशी म्हणायचे असेल तर म्हणावे, पण मग त्या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे उत्तर, भत्ते मिळतात, घर मिळते, कँटीन आहे. मिळते ना. पण ते सैनिकाला मिळते. बाईची बुडालेली नोकरी, तुटलेली ज्येष्ठता, मुलांचे वाया गेलेले वर्ष यांचा कोणत्याही भत्त्यात रकाना नाही.

तिसरे उत्तर सर्वांत भारदस्त असते. मलाक्काच्या सामुद्रधुनीचे तोंड आपल्या हाती राहिले पाहिजे, म्हणून बेटे राखलीच पाहिजेत. मान्य. २००१ मध्ये तिन्ही दलांचे पहिले संयुक्त मुख्यालय पोर्ट ब्लेअरला झाले, २०१२ मध्ये कॅम्पबेल बेला नौदलाचा 'बाझ' हा तळ सुरू झाला, यामागचे कारण कुणालाही नकाशा पाहून समजेल. बेटे सोडून द्यावीत असे कुणी म्हणत नाही. पण राष्ट्ररक्षणाची शपथ सैनिकाने घेतलेली असते. त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने घेतलेली नसते. तिला त्या तटबंदीत चिणायचे असेल तर निदान तिथे काय धोका आहे, घर किनाऱ्यापासून किती उंचीवर आहे, संकटात कुठे पळायचे, कुणी न्यायचे, आणि काही बरेवाईट झाले तर तिचे स्वतःचे असे काय येणे आहे, हे तिच्या आईला कागदावर मिळाले पाहिजे.

हे मागणे अवास्तव आहे का? एक उदाहरण समुद्रापलीकडचे देतो, कारण तिथेही उष्ण कटिबंधातली बेटे आहेत आणि तिथेही 'स्वर्ग' हाच शब्द चालतो. हवाईतल्या ओआहू बेटावर अमेरिकी नौदलाचे रेड हिल येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भूमिगत इंधनसाठे होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथले इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि हजारो सैनिकी कुटुंबांच्या नळांना ते पाणी आले. मुलांना पुरळ, उलट्या, डोकेदुखी. कुटुंबे हॉटेलांत हलवावी लागली. १९५०च्या एका निकालापासून तिथल्या सैनिकाला सेवेशी निगडित इजेबद्दल सरकारवर दावा लावता येत नाही. पण कुटुंबीयांना ती आडकाठी नाही, म्हणून ती कोर्टात गेली. सरकारला गळतीची जबाबदारी मान्य करावी लागली, आणि २०२५ मध्ये पहिल्या काही फिर्यादींना न्यायालयाने भरपाई मंजूर केली. रकमा त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार लहान होत्या. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. सैनिकाची बायको आणि मूल हे त्याच्या सामानाच्या यादीतले नग नाहीत. ते स्वतंत्र पक्षकार आहेत आणि त्यांचे नुकसान त्यांचे स्वतःचे आहे. अमेरिकी सैन्याच्या बेटांवरील एकूण वर्तनाचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही, हवाईच्या मूळ रहिवाशांना विचारले तर ते वेगळेच सांगतील. पण हा एवढा फरक आपण शिकण्यासारखा आहे.

आता पुन्हा ग्रेट निकोबारला. त्सुनामीत या बेटाचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ आज समुद्राच्या पाण्यात उभा आहे. जंगल तोडून, पस्तीस वर्षे कसून तयार केलेल्या वसाहतकारांच्या जमिनींपैकी काही कायमच्या पाण्याखाली गेल्या, वस्त्या वाहून गेल्या, वाचलेली कुटुंबे पत्र्याच्या निवाऱ्यांत राहिली. आणि आता या बेटावर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर उभे करणारा महाप्रकल्प येतो आहे. सुरुवातीला ७२ हजार कोटींचा म्हणून गाजलेल्या या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण-मंजुरी मिळाली. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती होणार आहे. त्यातला विमानतळ नागरी आणि लष्करी असा दुहेरी वापराचा. तो ज्या जमिनींवर योजला गेला त्यांत गांधीनगर आणि शास्त्रीनगरमधल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या जमिनीही आहेत. संरक्षणासाठी आणून वसवलेल्यांना संरक्षणाच्याच नावाने उठायला सांगितले जाते आहे. त्सुनामीनंतर छावण्यांत आणलेल्या निकोबारींना आपल्या जुन्या गावी परतायचे आहे. त्यांचे मागणे वर्षानुवर्षे तसेच पडून आहे. भिंत ज्यांच्या अंगणात बांधली ते, आणि जे भिंत झाले ते, असे दोघेही आज एकाच रांगेत उभे आहेत. एवढी समता मात्र या बेटाने साधली.

आपल्याला लेखक-वाचक म्हणून यात काय करता येईल, असे कुणी विचारील. धोरणे आपण आखत नाही. पण शब्द आपल्याकडे आहेत, आणि वहीवरचा पहिला शिक्का शब्दाचा असतो. 'त्याग' हा शब्द करणाऱ्याने स्वतःपुरता उच्चारावा. घेणाऱ्याने तो उच्चारला की ती केवळ पावती न देण्याची सबब होते. अंदमान-निकोबारबद्दल लिहिताना आपण कोठडीतल्या एका कैद्याबद्दल पाने भरली, ते योग्यच झाले. किनाऱ्यावरच्या सरकारी घरात राहून, नोकरी सोडून, मुलांना वाढवून, कधी तिथेच मरून ज्या बायकांनी नकाशावरची रेघ जागेवर ठेवली, त्यांच्याबद्दल आपण किती ओळी लिहिल्या ते प्रत्येकाने आपापल्या कपाटात पाहावे. आणि पुढल्या वेळी व्यासपीठावर नारळ देताना एवढे तरी विचारावे, की बाई, तुमचे येणे किती राहिले आहे?